फुली म्हणजे फुली!

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एक फुली असते. (मॅकवाल्यांची डावीकडे, लाल गोळ्यात. त्यांच्याकडे येतोच आहे, थांबा जरा.) ही फुली दाबली की काय झालं पाहिजे?

प्रश्न पोरकट वाटतो ना? मग हे बघा. ब्राउझरची शेवटची खिडकी फुली मारून घालवली तर विंडोजवर ब्राउझर बंद होतो, मॅकवर तो चालूच राहतो. ऑफिसच्या चॅटवर फुली मारली तर खिडकी जाते, चॅट जात नाही. ते घड्याळाशेजारच्या छोट्या बाणाखाली जाऊन बसतं. नोटपॅड बिचारा वर्षानुवर्षं 'सेव्ह करू का?' म्हणून दारात अडवायचा. २०२३ पासून विंडोज ११ वर तो काही न विचारता जातो आणि पुढच्या वेळी तोच मजकूर परत समोर आणून ठेवतो. चिन्ह एकच, अर्थ पाच-पन्नास. लाल दिव्याचा अर्थ प्रत्येक चौकात वेगळा असता तर काय झालं असतं? (पुण्यात तो असतोच म्हणा. असो.)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत वाट बघायला नको. फुली मारली आणि त्या प्रोग्रामचं दिसेल असं काही स्क्रीनवर उरलं नाही, तर तो प्रोग्राम गेला पाहिजे. अर्धा नाही, पूर्ण. मागे काही चालू ठेवायचं असेल तर ते मी सांगितलेलं असलं पाहिजे, प्रोग्रामनं परस्पर ठरवलेलं नाही. आणि जाताना माझं एक अक्षरही हरवता कामा नये. बस, एवढंच. यात न पटण्यासारखं काय आहे मला खरंच कळत नाही, पण या विषयावर कॅन्टीनमध्ये चहा गार होईपर्यंत भांडणारे लोक मी बघितले आहेत.

आता मॅकवाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की खिडकी म्हणजे प्रोग्राम नव्हे. खिडकी म्हणजे एक कागद. टेबलावरचा कागद उचलला म्हणून टेबल कुणी घराबाहेर काढत नाही. कमांड-डब्ल्यूनं कागद जातो, कमांड-क्यूनं टेबल. ऐकायला झकास आहे, आणि खरं सांगायचं तर मूळ कल्पनेत दमही आहे. पण ती आली कुठून ते बघा.

१९८४ चा पहिला मॅकिंटॉश. १२८ किलोबाइट मेमरी, ४०० किलोबाइटची फ्लॉपी, हार्ड डिस्क नाही. एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा. एक पत्र लिहून झालं, ते बंद केलं, आता दुसरं उघडायचंय. अशा वेळी पहिल्या पत्राबरोबर प्रोग्रामही गेला असता तर तो पुन्हा फ्लॉपीवरून लोड होईपर्यंत माणूस खुर्चीत ताटकळत बसला असता. म्हणून 'कागद बंद करणं' आणि 'प्रोग्राम सोडणं' या दोन वेगळ्या क्रिया असणं हा अगदी शहाणपणाचा निर्णय होता. शिवाय मॅकचा मेनू खिडकीत नसतो, स्क्रीनच्या माथ्यावर असतो. त्यामुळे एकही खिडकी नसली तरी प्रोग्राम आहे हे वर दिसायचं. चेहरा होता त्याला.

पण १९८७ मध्ये मल्टीफाइंडर आला, आणि १९९१ च्या सिस्टिम ७ पासून एका वेळी अनेक प्रोग्राम चालणं हीच रीत झाली. आता माथ्यावरचा मेनू फक्त पुढच्या प्रोग्रामचा. मागचे सात-आठ, ज्यांची एकही खिडकी नाही, ते कसे दिसणार? ओएस टेनच्या डॉकनं चिन्हाखाली छोटा काळा त्रिकोण दिला, नंतर त्याचा ठिपका झाला. म्हणजे माणसानं खाली वाकून ठिपके मोजायचे. फ्लॉपी गेली, ताटकळणं गेलं, पण सवय राहिली, आणि एकदा सवय जुनी झाली की तिला तत्त्वज्ञान म्हणायची पद्धत आहेच.

गंमत म्हणजे हे तत्त्वज्ञान खुद्द ॲपललाही झेपत नाही. सिस्टिम सेटिंग्जची खिडकी बंद करा, अख्खा प्रोग्राम जातो. तिथे टेबल आणि कागद एकच! कोकोमध्ये प्रोग्रामरला विचारणारी एक सोय आहेच: शेवटची खिडकी बंद झाल्यावर जायचं की थांबायचं? ज्याला जे वाटेल ते तो उत्तर देतो. म्हणजे वापरणाऱ्यानं प्रत्येक प्रोग्रामचा स्वभाव पाठ करायचा. सासरच्या माणसांचे करतात तसा.

२०११ च्या लायनमध्ये ॲपलनं याच्याही पुढची उडी मारली. कल्पना अशी की प्रोग्राम चालू आहे की बंद, ही वापरणाऱ्याची डोकेदुखीच नाही. मजकूर आपोआप सेव्ह होणार, उघडलेल्या खिडक्या पुढच्या वेळी जशाच्या तशा येणार, आणि खिडकी नसलेला प्रोग्राम पाठीमागे नुसताच बसला असेल तर सिस्टिम त्याला गुपचूप घालवणार. ही मी आजवर पाहिलेली सगळ्यात प्रामाणिक विचारसरणी आहे, हे मॅकचा टीकाकार म्हणून कबूल करतो. पण झालं काय? प्रोग्राम लिहिणाऱ्याला यात स्वतःहून सहभागी व्हावं लागत होतं. बरेचसे झाले नाहीत. तेव्हा आधी दोन प्रकारचे प्रोग्राम होते, आता तीन झाले. वर त्यांनी 'सेव्ह ॲज' काढून 'डुप्लिकेट' आणलं, लोक वैतागले, आणि पुढच्याच वर्षी माउंटन लायनमध्ये ते ऑप्शन कीच्या मागे लपवून परत आणावं लागलं.

आणि कमांड-क्यू, कमांड-डब्ल्यू या जोडीबद्दल न बोललेलंच बरं. एकानं एक टॅब जातो, दुसऱ्यानं सगळी दुकानदारी, आणि दोन्ही बटणं कीबोर्डवर अंगाला अंग लावून. क्रोमला शेवटी मॅकवर 'क्यू दाबून धरा, मग जातो' अशी पाटी लावावी लागली. पाटी लावावी लागते तेव्हा दरवाजा चुकीच्या जागी आहे एवढं समजायचं.

विंडोजवाले, हसू नका. तुमची गोष्ट जास्त वाईट आहे.

विंडोजमध्ये मेनू खिडकीच्याच अंगावर असतो. खिडकी गेली की चेहरा गेला. त्यामुळे खिडकी म्हणजेच प्रोग्राम, हे समीकरण तिथे आपोआप जुळून आलं. सुरुवातीला बंद करायला डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनावर डबल-क्लिक करावं लागायचं. ती फुली १९९५ साली, विंडोज ९५ बरोबर आली. उजव्या कोपऱ्यात तीन बटणं: एक रेघ, एक चौकोन, एक फुली. रेघ म्हणजे 'बाजूला हो', फुली म्हणजे 'जा'. इतकं स्वच्छ की ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांनाही न शिकवता कळलं. शाळेत गणित चुकलं की बाई काय मारतात? फुलीच!

(मधला वर्ड ९७ चा काळ आठवतोय का? एकावर एक दोन फुल्या. वरचीनं अख्खा वर्ड जायचा, खालचीनं फक्त फाइल. आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये अर्धा तास फक्त यावर जायचा. वर्ड २००० मध्ये प्रत्येक फाइलला आपली खिडकी मिळाली. एक्सेलला तीच अक्कल यायला २०१३ उजाडलं.)

तर अशी ती स्वच्छ फुली. तिला घाण कुणी केलं? त्याच विंडोज ९५ नं घड्याळाशेजारी एक कोपरा दिला होता. लोक त्याला 'सिस्टिम ट्रे' म्हणतात, पण मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन वर्षानुवर्षं सांगत आलेत की त्याचं नाव 'नोटिफिकेशन एरिया' आहे. नावातच हेतू होता: काही कळवायचं असेल तर इथे कळवा. बॅटरी संपत आली, प्रिंट झाली, वगैरे. पण लवकरच कुणाच्या तरी डोक्यात आलं की अरे, इथे तर राहताही येतं! मग मेसेंजरवाले आले, गाणीवाले आले, डाउनलोडवाले आले, प्रिंटरबरोबरचे फुकटे आले. फुली मारली की जायचं सोडून तिकडे लपायचं. पाहुणा 'येतो हं' म्हणून दाराकडे गेला आणि तुमच्याच माळ्यावर चढून बसला, तशातला प्रकार.

त्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो. 'आम्ही गेलो तर तुमचे मेसेज चुकतील ना!' अहो, पण मला मेसेज हवे असते तर मी रेघ दाबली नसती का? ते बटण फुलीच्या दोन घरं अलीकडेच आहे. मी तीन बटणांतून मुद्दाम 'जा' निवडलं आणि तुम्ही ठरवलंत की यांना 'थांब' म्हणायचं होतं. याला सोय म्हणत नाहीत, समोरच्याचं बोलणं तोडणं म्हणतात. माझा संशय असा की खरी काळजी माझ्या मेसेजची नसतेच. प्रोग्राम सतत चालू राहिला की 'रोज इतके लोक आम्हाला वापरतात' हा आकडा छान दिसतो. संशय आहे हं, पुरावा मागू नका.

'मेमरी स्वस्त झालीये, चालू राहिलं तर बिघडतं काय?' हा दुसरा आवडता प्रश्न. हा नेहमी ज्याच्याकडे ३२ जीबीचं मशीन आहे तोच विचारतो. माझे एक काका सीए आहेत, सदाशिव पेठेत छोटं ऑफिस. लॅपटॉप ४ जीबीचा, कारण 'टॅली आणि एक्सेलला अजून किती लागतं रे?' रिटर्न्सच्या दिवसांत फोन येतो, 'अरे, मशीन एकदम मठ्ठ झालंय, बघ ना जरा.' जाऊन बघितलं तर घड्याळाजवळच्या बाणाखाली अकरा चिन्हं. दोन चॅट, एक मीटिंगचं, दोन फाइल सिंक करणारे, प्रिंटरचे तीन, बाकीचे कोण ते देवालाच ठाऊक. काका म्हणतात, 'पण मी तर सगळं बंद केलं होतं!' आणि त्यांनी खरंच केलं होतं, एकेकावर शिस्तीत फुली मारून. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवलेला माणूस. त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. मला राग येतो तो इथे. चूक सॉफ्टवेअरनं करायची आणि ओशाळायचं काकांनी.

बरं, प्रश्न नुसत्या मेमरीचा असता तर मी शनिवार सकाळ यावर घालवली नसती. सायबर कॅफेचे दिवस आठवा. तासाला वीस-पंचवीस रुपये, लाकडी खोपटं, शेजारी घामट पंखा. वेळ संपत आली की कॅफेवाला ओरडायचा, आपण मेसेंजरच्या खिडकीवर फुली मारून उठायचो. आणि मेसेंजर? तो खाली कोपऱ्यात लॉग-इन अवस्थेत बसलेला. पुढच्या खोपट्यावर येणाऱ्याला तुमची सगळी मित्रमंडळी आयती. आमच्या हॉस्टेलवरच्या एका मुलीच्या नावानं असा कुणीतरी तासभर वाट्टेल ते लिहीत बसला होता. तिनं साइन आऊट केलं नाही हा तिचा दोष, असं तेव्हा सगळे म्हणाले. मी नाही म्हणणार. तिनं फुली मारली होती. भाषा तिला जी शिकवली होती त्याच भाषेत ती बोलली होती.

आता सायबर कॅफे गेले, पण ती वृत्ती गेलेली नाही. गेल्या वर्षी आमच्या टीममधल्या एकानं व्हिडिओ मीटिंगची मोठी खिडकी फुली मारून घालवली आणि बायकोशी घरखर्चावरून वाद घालायला सुरुवात केली. मीटिंग एका बारक्या खिडकीत, दुसऱ्या मॉनिटरच्या कोपऱ्यात, माइकसकट चालू. चौदा जणांनी ऐकलं. पुढचे दोन आठवडे तो मीटिंगला कॅमेरा लावत नव्हता.

आता फुलीची दुसरी बाजू. लोक फुलीला घाबरतात ते जे लिहिलंय ते जाईल म्हणून. 'सेव्ह करायचं का? येस, नो, कॅन्सल.' ही तीन बटणं म्हणजे आपल्या धंद्यातला सगळ्यात जुना आळस. माणूस घाईत असतो, मनात असतं 'बंद कर', समोर प्रश्न सेव्हचा. 'नो' दाबतो आणि दोन तासांचं काम गंगेला मिळतं. मॅकवर फार पूर्वीपासून बटणावर क्रियापद असतं, 'सेव्ह', 'डोन्ट सेव्ह'. विंडोजमध्ये ते हळूहळू आलं. पण मुळात विचारायचंच कशाला? ॲलन कूपर यांनी १९९५ च्या 'अबाउट फेस'मध्ये हेच मांडलं होतं: मेमरीत एक प्रत आणि डिस्कवर एक, हा कॉम्प्युटरच्या पोटातला व्यवहार आहे, तो माणसाच्या गळ्यात मारू नका. लिहिलं ते राहिलं पाहिजे. वहीत लिहिताना वही मिटली की ती विचारते का, 'ठेवू की पुसू?'

महाराष्ट्रात हे कुणाला पटवून द्यायची गरज पडू नये. २००५-०६ च्या सुमाराचं लोडशेडिंग ज्यांनी भोगलंय त्यांना ठाऊक आहे. वीज गेली की येस नाही, नो नाही, कॅन्सल तर नाहीच. माझ्या पिढीच्या बोटांना दर दोन ओळींनी कंट्रोल-एस दाबायची जी सवय आहे ती तिथली. आज नोटपॅड प्लस प्लस, सब्लाइम, व्हीएस कोड हे सगळे न सेव्ह केलेला मजकूरही सांभाळून निमूटपणे बंद होतात आणि उघडल्यावर तो परत देतात. फायरफॉक्सनं २००६ मध्ये, दोन नंबरच्या आवृत्तीत, हुकलेले टॅब परत आणून दाखवले. म्हणजे तंत्र कधीच हाताशी आहे. आणि एकदा हे केलं की बंद होणं स्वस्त होतं. बंद होणं स्वस्त झालं की लपून बसायला कारण उरत नाही. दोन्ही प्रश्नांची चावी एकच आहे, पण लोक दुसऱ्याच कुलपात घालून फिरवत बसतात.

वाचणाऱ्यांत निम्मे तरी कोड लिहिणारे असणार, म्हणून तुमच्याशी दोन शब्द. 'फ्रेमवर्क तसं करतं' ही सबब चालणार नाही. विन३२ मध्ये फुली दाबली की खिडकीला येतो तो फक्त निरोप असतो, 'बंद व्हा असं म्हणतायत'. त्यावर खिडकी मोडायची का, आणि मोडल्यावर अख्खा प्रोग्राम संपवायचा का, हे दोन्ही तुमच्या हातात असतं. डब्ल्यूपीएफमध्ये त्यासाठी एक सेटिंग आहे, क्यूटीमध्ये आहे. जावा स्विंगमध्ये जेफ्रेमवर काही न सांगता फुली मारली तर खिडकी नुसती लपते आणि जेव्हीएम चालूच राहतं. कॉलेजच्या लॅबमध्ये संध्याकाळपर्यंत अशी वीस-वीस भुतं मशीनवर फिरत असायची. आणि इलेक्ट्रॉनच्या तर पहिल्याच धड्यात एक ओळ आहे: सगळ्या खिडक्या बंद झाल्या आणि प्लॅटफॉर्म मॅक नसेल, तर जा. चाळीस वर्षांचं भांडण एका इफमध्ये, आणि आपण ते न वाचता कॉपी-पेस्ट करतो. मग प्रॉडक्ट मॅनेजर येतो, म्हणतो 'जा'च्या जागी 'लप' करा, आपण तेही करतो. तिथे एकदा तरी 'का?' विचारा हो.

'पण मग गाणी?' हा प्रश्न येणारच. गाणी चालू असताना खिडकी घालवली तर गाणं थांबावं का? माझं उत्तर: गाणं वाजत असेल तर एकदा विचारा, उत्तर लक्षात ठेवा, आणि चालू राहणार असाल तर दिसत राहा. वाजत नसेल तर सरळ निघा. ग्नोमवाल्यांनी २०२३ च्या ४४ व्या आवृत्तीत खिडकीशिवाय मागे चालणाऱ्या प्रोग्रामांची यादी वरच्या मेनूत दिली, तिथूनच त्यांना बंदही करता येतं. यादीत सगळे येत नाहीत, पण विचार बरोबर आहे: चालू आहेस ना? मग तोंड दाखव.

टर्मिनलवाल्यांना हे कधीच कळलंय. खिडकी बंद केली की आतल्या प्रोसेसला हँगअपचा सिग्नल जातो, ती मरते. चालू ठेवायची असेल तर आधी नोहप म्हणा, नाहीतर स्क्रीन किंवा टीमक्स लावा. म्हणजे तुम्ही बोललात तरच मागे काही राहणार. २०१६ मध्ये सिस्टिमडीनं २३० व्या आवृत्तीत लॉगआऊटबरोबर मागच्या सगळ्या प्रोसेस मारायचं मुळातच ठरवून टाकलं, तेव्हा स्क्रीन आणि टीमक्सवाले खवळून उठले, आणि डेबियननं ते आपल्याकडे उलटं फिरवलं. बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी 'थांब' म्हटलं होतं आणि सिस्टिमनं 'जा' ऐकलं. काकांनी 'जा' म्हटलं होतं आणि चॅटनं 'थांब' ऐकलं. त्या वेळी मेलिंग लिस्टवर तावातावानं लिहिणाऱ्यांपैकी कितीजण आज ऑफिसात बसून ट्रेमध्ये लपणारी सॉफ्टवेअर लिहितायत, हे मला एकदा त्यांनाच विचारायचंय.